आख्तामारचं चर्च: बेटावरच्या राजाने दगडात मांडलेला दावा

तुर्कस्तानच्या पूर्व टोकाला वान नावाचं विशाल सरोवर आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे 1,640 मीटर उंचीवर, जवळजवळ 3,700 चौरस किलोमीटर पसरलेलं. त्याच्या दक्षिण काठावरच्या गेवाश गावाजवळून बोट निघते आणि थोड्याच वेळात एका लहान, खडकाळ बेटाला लागते. या बेटाचं आर्मेनियन नाव आख्तामार, तुर्की नाव आकदामार. बेटावर तांबूस दगडाचं, टोकदार छपराचं एक चर्च उभं आहे. होली क्रॉस, म्हणजे पवित्र क्रुसाचं चर्च. इसवी सन 915 ते 921 या काळात ते बांधलं गेलं.

फोटोत हे चर्च कायम एकटं दिसतं. मागे बर्फाचे डोंगर, भोवती निळं पाणी, वसंतात फुललेली बदामाची झाडं. पाहणाऱ्याला वाटतं, जगाच्या कटकटीपासून लांब जाऊन कुण्या साधूंनी हे बांधलं असणार. माझ्या मते या वास्तूबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज हाच. हे चर्च बांधलं तेव्हा शेजारी राजवाडा होता, धक्का होता, तटबंदी होती, रस्ते आणि बागा होत्या. राजाच्या राजधानीतलं, राजवाड्याला जोडलेलं हे चर्च होतं. बाकीचं सगळं नाहीसं झालं, चर्च तेवढं उरलं. राजवाडा मनातल्या मनात पुन्हा तिथे उभा केला की त्या भिंतींवर काय कोरलंय आणि का कोरलंय, हे एकेक करून लक्षात यायला लागतं.

आधी माणसं समजून घेऊ. आर्मेनियन लोक आपल्याला अगदीच परके नाहीत. सुरत, मुंबई, कोलकाता इथे त्यांच्या व्यापाऱ्यांच्या वसाहती होत्या, आणि मुंबईच्या फोर्ट भागात 1796 साली बांधलेलं सेंट पीटर आर्मेनियन चर्च होतं, त्याची आजची इमारत 1957ची. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला ज्यांच्या राजाने ख्रिस्ती धर्म राज्याचा धर्म म्हणून स्वीकारला, असं हे लोक. स्वतःची लिपी त्यांना पाचव्या शतकात मिळाली. दहाव्या शतकात मात्र त्यांचा देश दोन मोठ्या सत्तांच्या कात्रीत होता. पश्चिमेला बायझंटाईन साम्राज्य, दक्षिणेला बगदादची अब्बासी खिलाफत. त्यात खुद्द आर्मेनियन सरदार घराण्यांचं आपापसात पटत नव्हतं.

त्यातली दोन घराणी इथे महत्त्वाची. उत्तरेकडचे बाग्रातुनी आणि वान सरोवराभोवतीच्या वास्पुराकान प्रांताचे आर्त्सरुनी. राजपद बाग्रातुनींकडे होतं, गादीवर होता पहिला स्म्बात. आर्त्सरुनींचा प्रमुख गागिक हा त्याचा भाचा. नखिचेवान प्रांत कुणाचा यावरून मामा-भाच्यांत बिनसलं. स्म्बातने तो तिसऱ्याच घराण्याला देऊन टाकला. चिडलेला गागिक अझरबैजानचा मुस्लिम अमीर युसुफ याच्याकडे गेला आणि 908 साली त्याच्याच हातून स्वतःला राजमुकुट घालून घेतला. एका आर्मेनियात आता दोन राजे झाले. पुढे युसुफने स्म्बातवर चढाई केली, त्याला पकडलं आणि 914च्या सुमारास हाल करून मारलं. सुरुवातीला गागिक युसुफच्या बाजूने होता. मामाची अवस्था आणि देशाची धूळधाण पाहून तो मागे फिरला खरा, पण तोपर्यंत उशीर झाला होता.

आता चर्चच्या बांधकामाचं साल पुन्हा पाहा: 915. परक्याच्या हातून मुकुट घेतलेला, सख्ख्या मामाच्या शत्रूला साथ दिलेला राजा. मुकुट डोक्यावर आहे, पण आपण खरे राजे आहोत, ख्रिस्ती राजे आहोत आणि देवाला मान्य असलेले राजे आहोत हे त्याला आपल्याच लोकांसमोर सिद्ध करायचं होतं.

त्यासाठी त्याने बेट निवडलं. चहूबाजूंनी पाणी असल्यामुळे संरक्षण आपोआप मिळतं. आर्त्सरुनी घराण्याचा इतिहास लिहिणाऱ्या त्या काळच्या लेखकाने हे बांधकाम तपशिलात नोंदवलंय. राजाने पाण्यात मोठमोठे दगड टाकून तट उभारला, बोटींसाठी आसरा केला, उतारावर पायऱ्या-पायऱ्यांनी बागा लावल्या. मध्यभागी राजवाडा, आणि त्याच्या आत सोन्याचा मुलामा दिलेली चित्रं: सिंहासनावर बसलेला राजा, भोवती तरुण सेवक, वादक, नर्तिका, कुस्ती खेळणारे मल्ल, सिंह, पक्षी. हे वर्णन लक्षात ठेवा, चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर यातलं काही आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

चर्चच्या स्थपतीचं नाव मानुएल. मध्ययुगातल्या बहुतेक वास्तूंचे कारागीर निनावी राहिले, इथे नाव टिकलं याचा मला फार आनंद वाटतो. दगडाची हकिकतही त्याच लेखकाने दिली आहे. गागिकने एका अरब सरदाराचा कोतोम नावाचा किल्ला जिंकला, पाडला आणि त्याचे दगड बोटींतून बेटावर आणून चर्चला वापरले. म्हणजे बांधकामाचं साहित्य हीच विजयाची खूण होती.

आता रचना. पाश्चात्त्य चर्च म्हटलं की लांबलचक सभागृह आणि टोकाला वेदी असं चित्र डोळ्यांसमोर येतं. आर्मेनियन स्थपतींचा विचार वेगळा होता. त्यांना घुमट मध्यभागी हवा असायचा आणि बाकीची इमारत त्या घुमटाभोवती गुंफलेली. आख्तामारमध्ये मधोमध एक चौरस जागा आहे. तिच्या चारही बाजूंना सरळ भिंतीऐवजी एकेक मोठा अर्धगोल कोनाडा काढलाय, आणि चार कोपऱ्यांत आणखी चार निमुळते कोनाडे. पूर्वेच्या कोनाड्यात वेदी. तिच्या दोन्ही बाजूंना दोन अरुंद खोल्या. या सगळ्यावर उंच, गोल घुमट. पूर्व-पश्चिम लांबी सुमारे 15 मीटर, रुंदी सुमारे 12 मीटर, उंची मात्र 20 मीटरच्या आसपास. जमिनीवर बेताची जागा आणि वर चढत जाणारी उंची, त्यामुळे आत उभं राहिलं की नजर आपोआप वर जाते.

ही मांडणी मानुएलने शून्यातून काढलेली नाही. 618 साली बांधलेलं, आर्मेनियातल्या वाघार्शापातचं सेंट ह्रिप्सिमे चर्च याच कुळातलं. वास्पुराकानमधल्याच सोरादिर गावाच्या चर्चशी तर आख्तामारचं फारच जवळचं नातं आहे. नव्या राजाने जुना, मान्य असलेला आराखडा घेतला. घराणं नवं असलं तरी परंपरा जुनी, असं त्यातून आपोआप सांगितलं जातं.

कोनाडे नुसते शोभेचे नाहीत. दगडी घुमट आपल्या वजनाने खाली दाबतो तसाच बाहेरही रेटतो. हा रेटा कुणी पेलला नाही तर भिंती बाहेर कलतात आणि घुमट कोसळतो. चार दिशांचे चार अर्धगोल कोनाडे तो रेटा चारी बाजूंनी सारखाच झेलतात, कोपऱ्यांतले लहान कोनाडे त्यांना मदत करतात. भूकंपाच्या प्रदेशात या आटोपशीर, सगळ्या बाजूंनी सारख्या तोललेल्या रचनेचं मोल फार. भिंतीही नुसत्या दगडांवर दगड ठेवून रचलेल्या नाहीत. बाहेरून एक आणि आतून एक असा घडीव दगडांचा पातळ थर, आणि दोन्हींच्या मधे चुना आणि दगडगोट्यांचा भराव ओतून घट्ट केलेला. खरी ताकद त्या भरावात असते. आर्मेनियन गवंडी ही पद्धत शतकानुशतकं वापरत आले. बाहेरचा दगड पातळ आणि गुळगुळीत तासलेला असल्यामुळे सांधे जेमतेम दिसतात, आणि कोरीवकाम करणाऱ्याला सलग पाटीसारखी भिंत मिळते.

बाहेरून पाहिलं तर आतले गोल कोनाडे लगेच कळत नाहीत. भिंतीत काही ठिकाणी उभ्या, खोल खाचा आहेत, तिथे आतल्या कोनाड्यांचा अंदाज येतो. वर सोळा बाजूंची घुमटाची ग्रीवा, म्हणजे घुमटाला उचलून धरणारी मान, आणि तिच्यावर शंकूसारखं छप्पर. मूळ घुमट आत लपलेला असतो, बाहेरून दिसतं ते टोकदार छप्पर. बहुतेक आर्मेनियन चर्चची ही ओळखीची खूण.

दक्षिणेच्या कोनाड्यात वरच्या बाजूला राजासाठी सज्जा होता. राजवाड्याकडून बाहेरच्या जिन्याने थेट तिथे येता यायचं. खाली गर्दी, समोर वेदी, आणि दोन्हींच्या वर राजा. आज तो सज्जा नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण दारापुढे घंटाघर उभं राहिलं, आणि 1763 साली पश्चिमेला एक मोठी ओवरी जोडली गेली. या दोन्ही भरींमुळे मूळ आकाराचा डौल थोडा झाकला गेलाय, तेवढी कल्पना करून ते बाजूला सारावं लागतं.

पण आख्तामार जगात प्रसिद्ध आहे ते बाहेरच्या भिंतींवरच्या उठावशिल्पांसाठी. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला अख्ख्या चर्चच्या चारही बाजू माणसं, प्राणी, वेली यांनी भरून टाकणं ही ख्रिस्ती जगात अगदी विरळ गोष्ट होती. पश्चिम युरोपात चर्चच्या दर्शनी भागांवर मोठाली शिल्पं दिसू लागली ती बरीच नंतर, अकराव्या-बाराव्या शतकात.

पश्चिमेच्या भिंतीवर गागिक स्वतः आहे. पायघोळ अंगरखा, त्यावर गोल नक्षी आणि त्या गोलांत पक्षी. हातात चर्चची छोटी प्रतिकृती, ती तो समोर उभ्या असलेल्या येशूला अर्पण करतो. येशूच्या अंगावर साधं, घडीदार वस्त्र. डोळ्यांत भरतो तो राजाच, कारण अंगाने तो येशूपेक्षा रुंद कोरलाय. आपल्याला हे उद्धट वाटू शकेल. पण हा राजा किती अस्वस्थ होता ते माहीत असलं की या शिल्पातली घाई मला समजते.

दक्षिणेची भिंत राजवाड्याकडच्या जिन्याची, म्हणून तिथला मजकूर सगळ्यात विचारपूर्वक निवडलेला. तिथे बायबलमधला संदेष्टा योना याची गोष्ट आहे. एक शिडाचं जहाज, खलाशी योनाला डोकं खाली करून पाण्यात सोडतायत, आणि खाली त्याला गिळायला टपलेला मासा. या माशाकडे जवळून पाहा. तोंड कुत्र्यासारखं, दात विचकलेले, कान ताठ. असा मासा वानच्या पाण्यात कधीच नव्हता. हे सरोवर इतकं क्षारयुक्त आहे की त्यात एकच जातीचा मासा मुबलक आढळतो, आणि तोही अंडी घालायला नद्यांच्या गोड्या पाण्यात जातो. शिल्पकाराने हा राक्षसी मासा ग्रीक आणि इराणी दंतकथांतल्या प्राण्यांवरून घेतला. पुढे सुटका झालेला योना निनवेच्या राजासमोर, आणि तो राजा मांडी घालून बसलाय, पूर्वेकडच्या दरबारात बसतात तसा.

सगळ्या बायबलमधून नेमका योनाच एवढ्या मोठ्या जागेत का? आर्त्सरुनी आपला वंश अश्शूरचा, म्हणजे असीरियाचा, राजा सन्हेरीब याच्यापर्यंत नेत असत. त्याचे मुलगे बापाला मारून अरारात प्रांतात पळून आले, ही बायबलमधली नोंद त्यांनी आपल्या घराण्याची सुरुवात मानली. आणि सन्हेरीबची राजधानी निनवे. संदेष्ट्याचं ऐकून पश्चात्ताप करणारा निनवेचा राजा आर्त्सरुनींच्या चर्चवर दिसतो तेव्हा तो नुसता बायबलमधला प्रसंग राहत नाही, घरातला प्रसंग होतो, असं मला ठामपणे वाटतं. उत्तरेच्या भिंतीवर संदेष्टा यशया आणि यहूदाचा राजा हिज्कीया आहेत, सन्हेरीबच्या वेढ्यात सापडलेले. तेही योगायोगाने तिथे आले नसावेत.

दक्षिण भिंतीवरच बायबलमधला तरुण मेंढपाळ दावीद आणि धिप्पाड योद्धा गल्याथ समोरासमोर उभे आहेत. गल्याथ ढाल-तलवार घेऊन चिलखतात, दावीद हातात गोफण घेतलेला, त्याच्या मागे शौल राजा. शेजारी आर्मेनियन अक्षरांत नावं कोरलेली, वाचणाऱ्याचा गोंधळ होऊ नये म्हणून. आणि बायबलमधल्या मंडळींच्या रांगेत दोन आर्त्सरुनी राजपुत्र, साहाक आणि हामाझास्प. 786 साली अरब अंमलदारांनी त्यांना धर्म बदलायला सांगितलं, त्यांनी नकार दिला आणि ते मारले गेले. मुस्लिम अमिराकडून मुकुट घेतलेल्या राजाने धर्मासाठी जीव दिलेल्या आपल्या पूर्वजांना राजाच्या जिन्याजवळ जागा द्यावी, यापेक्षा स्पष्ट उत्तर त्याला टीकाकारांना देता आलं नसतं.

उत्तरेला आदाम-हव्वा, शमशोन, सिंहांच्या गुहेतला दानीएल आणि घोड्यावरचे योद्धे संत. पूर्वेला बाप्तिस्मा करणारा योहान, एलीया, आर्मेनियाला ख्रिस्ती करणारा संत ग्रेगरी, आणि प्राण्यांना नावं ठेवणारा आदाम.

या मोठ्या आकृतींच्या वरून चर्चला सगळीकडून वेढणारी द्राक्षवेलीची एक पट्टी जाते. माझी सगळ्यात आवडती जागा ही. वेलीच्या वळणांत माणसं मळ्यात काम करतात, वेल छाटतात, द्राक्षं तोडतात, अस्वलाशी झुंजतात. कुठे मल्लांची जोडी लागलेली, कुठे ससा, कुठे कोल्हा. वास्पुराकान हा द्राक्षमळ्यांचा मुलूख होता आणि बायबलमध्ये द्राक्षवेल हे ख्रिस्ताचं प्रतीक, त्यामुळे एकाच वेलीत शेत आणि धर्म दोन्ही बसले. पूर्वेच्या बाजूला याच वेलीत मांडी घालून, हातात पेला घेतलेला एक मुकुटधारी बसलाय, दोन्ही बाजूंना सेवक. कुणी त्याला गागिक म्हणतात, कुणी खलिफा, कुणी स्वर्गातला आदाम. पण ही बैठक आणि तो पेला अब्बासी दरबारी चित्रांत राजाला दाखवायची ठरलेली पद्धत होती. राजवाड्यातल्या त्या सोनेरी चित्रांत हीच पद्धत असणार. बगदादच्या खलिफाकडूनही गागिकला पुढे मुकुट आला होता. बायबलमधले संत आणि खिलाफतीच्या दरबाराची ऐट एकाच दगडी भिंतीवर सुखाने नांदतात, कारण गागिकच्या जगात त्या दोन वेगळ्या भिंती नव्हत्याच.

आत शिरल्यावर रंग आहेत. भिंतींवर येशूच्या जन्माच्या वार्तेपासून त्याच्या पुनरागमनापर्यंतचे प्रसंग, घुमटाच्या ग्रीवेत आदाम-हव्वेची निर्मिती आणि स्वर्गातून हकालपट्टी. निळा रंग अजून उठून दिसतो. बराच गिलावा पडलाय, चेहरे पुसट झालेत, तरी दहाव्या शतकातली एवढी आर्मेनियन भित्तिचित्रं एका ठिकाणी दुसरीकडे टिकलेली नाहीत.

गागिकचा दावा काही काळ फळालाही आला. आर्मेनियन चर्चचे प्रमुख, ज्यांना कॅथोलिकोस म्हणतात, त्यांनी वास्पुराकानात आसरा घेतला आणि दहाव्या शतकाच्या मध्यापर्यंत काही वर्षं त्यांचं पीठ याच बेटावर होतं. राज्य मात्र शंभर-सव्वाशे वर्षंच टिकलं. पूर्वेकडून तुर्कांचे हल्ले वाढले, आणि 1021-22च्या सुमारास शेवटच्या आर्त्सरुनी राजाने वास्पुराकान बायझंटाईन सम्राट दुसरा बॅसिल याच्या स्वाधीन करून पश्चिमेकडे सिवासला स्थलांतर केलं. राजवाडा ओस पडला. चर्च वाचलं, कारण ते वापरात राहिलं. 1113 साली कॅथोलिकोसच्या निवडीवरून वाद झाला आणि आख्तामारने स्वतःचा वेगळा कॅथोलिकोस जाहीर केला. राजाचं चर्च मठाचं चर्च झालं आणि हे पीठ 1895 साली शेवटचे कॅथोलिकोस वारेपर्यंत, जवळजवळ आठशे वर्षं चाललं.

मग 1915 आलं. ऑटोमन राजवटीत आर्मेनियन लोकांची हद्दपारी आणि सरसकट कत्तल झाली. वान परिसरातली शतकानुशतकांची वस्ती संपली, बेटावरचे भिक्षू मारले गेले, मठ लुटला गेला. प्रार्थना थांबली. पुढची कितीतरी वर्षं या शिल्पांकडे बंदुकीचा नेम धरायची जागा म्हणूनही पाहिलं गेलं, गोळ्यांच्या खुणा दगडावर आहेत.

1951 साली चर्च पाडायचा हुकूम सुटला. शेजारचं एक लहान ख्रिस्ती प्रार्थनागृह पाडूनही झालं होतं. त्याच वेळी यशार केमाल, जे पुढे तुर्कीतले थोर कादंबरीकार म्हणून ओळखले गेले, तरुण वार्ताहर म्हणून वानकडे चालले होते. लष्करातल्या एका डॉक्टरांनी त्यांना हे सांगितलं. यशार केमाल यांनी आपल्या वृत्तपत्राच्या संपादकांना गाठलं, संपादकांनी शिक्षणमंत्र्यांना, आणि त्याच वर्षी जूनमध्ये काम थांबवायचा आदेश निघाला. आज जे काही बघायला मिळतं ते या काही दिवसांच्या धावपळीमुळे.

तुर्कस्तान सरकारने 2005 ते 2007 मध्ये डागडुजी केली आणि 29 मार्च 2007 रोजी चर्च वस्तुसंग्रहालय म्हणून उघडलं. छपरावर क्रूस बसवला नव्हता, त्यावरून बराच वाद झाला. 19 सप्टेंबर 2010 रोजी तब्बल 95 वर्षांनी इथे पुन्हा उपासना झाली, आणि क्रूस नाही म्हणून अनेक आर्मेनियन तिला गेले नाहीत. क्रूस त्यानंतरच्या महिन्यात बसवला गेला. तेव्हापासून साधारणपणे सप्टेंबरात एकदा उपासनेची परवानगी मिळते, मधली काही वर्षं या भागातल्या संघर्षामुळे तीही झाली नाही. एरवी हे कागदोपत्री वस्तुसंग्रहालयच आहे.